कोचच्या खुर्चीला १७० अर्ज, लीगला शून्य

ढाक्याला १-० ने हरलो त्या रात्रीपासून माझ्या वॉलवर एकच गजर चालू आहे. खालिदला काढा. बांगलादेशकडून आपण २२ वर्षांनी हरलो, तेही अकराव्या मिनिटाला गोल खाऊन, पुढे जवळजवळ ऐंशी मिनिटं हातात असताना. राग मलाही आला. खोटं कशाला बोलू, टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पण काढा म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच प्रश्न विचारतोय. काढल्यावर येणार कोण? आणि का यावं त्याने?

उत्तर ठरलेलं आहे. "अरे, जुलैमध्ये १७० जण रांगेत होते!"

होते ना. त्यातला एक झावी हर्नांडेझ होता, आठवतंय? "पैसे परवडत नाहीत म्हणून झावीला नकार" ही बातमी आपण सगळ्यांनी मिटक्या मारत शेअर केली. मीसुद्धा. मग फेडरेशनलाच खुलासा करावा लागला की झावी आणि पेप ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हतेच. म्हणजे १७० हा आकडा कसा जमतो ते कळलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ ला, २९१ अर्ज आले होते. त्यातून निवडला कोण, तर ज्याच्याकडे आधीच एक नोकरी होती आणि ती सोडायला जो तयार नव्हता असा माणूस.

सरकारी शिपायाच्या दहा जागांना हजारो अर्ज येतात, म्हणून शिपायाची नोकरी फार आकर्षक आहे असं आपण म्हणतो का? बाहेर कामं नाहीत एवढंच त्यातून कळतं. कोचच्या बाजारातही तेच. कुठल्याही वेळी शेकडो लायसन्सवाले कोच घरी बसलेले असतात आणि ईमेल फुकट असतो. नोकरी चांगली आहे की नाही हे ओळखायचं असेल तर ज्याच्याकडे दुसरी नोकरी आहे तो काय करतो ते बघा.

तर त्या मानोलो मार्केझचंच बघू. गोव्यातल्या मित्रांना सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये मानोलोला राष्ट्रीय कोच केलं आणि त्याच वेळी एक पूर्ण हंगाम तो एफसी गोवाचाही कोच राहील असं ठरलं. म्हणजे १४० कोटींच्या देशाचा संघ हा जोडधंदा. रोजची हजेरी फातोर्ड्याला, देशाचं काम फिफा विंडो उघडेल तेव्हा. निकाल सगळ्यांसमोर आहेत. आठ सामने, एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. चार बरोबरी, तीन पराभव. आता त्याच हंगामातला त्याचा एफसी गोवा बघा. मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला, फायनलला ३-० ने. माणूस तोच, डोकं तेच. क्लबकडे रोज सकाळी सराव होता, खेळाडू त्याचे होते, हंगाम किती महिने चालणार ते माहीत होतं. देशाच्या संघात यातलं काय होतं?

जुलै २०२५ मध्ये परस्पर सहमतीने तो वेगळा झाला. कशापासून वेगळा झाला? देशाच्या संघापासून. क्लब धरून ठेवला. ऑक्टोबरच्या २२ तारखेला फातोर्ड्यालाच त्याच्या गोव्याने सौदीच्या अल नस्रला २-१ पर्यंत झुंजवलं. त्याच मैदानावर आठ दिवस आधी सिंगापूरने आपल्याला २-१ ने हरवून आशिया कपच्या बाहेर काढलं होतं. छांगतेने चौदाव्या मिनिटाला आघाडी दिलेली, आणि आपण ती हाफ टाइमपर्यंतही टिकवली नाही.

एका कोचला दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी करून बघायला मिळाल्या आणि त्याने कुठली ठेवली ते दिसलं. फेडरेशनमध्ये कुणी हा विचार केला असेल असं वाटत नाही.

"पैसा नाही हो आपल्याकडे" हे दुसरं ठरलेलं उत्तर. पैसा नाही? इगोर स्टिमॅचचा हिशोब काढा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला. जानेवारीत आशिया कपला तीन सामने हरलो, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो. जूनमध्ये दोह्यात कतारच्या त्या बाहेर गेलेल्या चेंडूच्या गोलनंतर वर्ल्ड कपची वाट बंद झाली आणि त्याला काढलं. काढायला हरकत नव्हती, माझंही मत तेच होतं. पण आधी तीन महिन्यांचा पगार देऊ म्हणाले, मग प्रकरण चिघळलं, आणि शेवटी ४ लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे तीन कोटींच्या वर, आणि तेही कोच *नसण्यासाठी*. आठ महिन्यांपूर्वी वाढवलेल्या कराराची ही किंमत. स्टिमॅच काही संत नव्हता, त्याची तोंडाची वाफ आपण पाच वर्षं ऐकली. पण हे सगळं जगभरच्या कोचच्या एजंटांनी वाचलेलं असतं. नाव मोठं असो की छोटं, कोच आधी विचारतो: मला काढायचं कुणी ठरवायचं, कशावरून ठरवायचं, आणि काढलं तर माझे पैसे सरळ मिळणार की कोर्टकचेरी? या तिन्ही प्रश्नांना आपल्याकडे "बघू" हे उत्तर आहे.

आता खरा विषय.

राष्ट्रीय कोचला खेळाडू विकत घेता येत नाहीत. त्याला जे काही मिळतं ते लीगमधून मिळतं. २०२५ पर्यंत वर्षाला पाच फिफा विंडो, प्रत्येकी नऊ-दहा दिवस. उरलेले तीनशे दिवस खेळाडू क्लबकडे. म्हणून लीगची तब्येत हीच कोचच्या नोकरीची तब्येत. आपली लीग कशी आहे? ज्या जुलैमध्ये कोचसाठी अर्ज मागवले, त्याच जुलैच्या ११ तारखेला आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला. कारण रिलायन्सच्या एफएसडीएल कंपनीबरोबरचा १५ वर्षांचा करार, वर्षाला ५० कोटींचा, ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, आणि पुढे काय हे वेळेत कुणी ठरवलंच नाही. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवले. मग कोर्ट, समिती, टेंडर. ७ नोव्हेंबरपर्यंत त्या टेंडरला किती बोली आल्या? एकही नाही.

कोचच्या खुर्चीला १७०, लीगला शून्य. अर्ज करायला काही लागत नाही आणि बोली लावायला खिशातले पैसे लागतात, म्हणून या दोन आकड्यांपैकी मी दुसऱ्यावर विश्वास ठेवतो.

२०२५ चा नोव्हेंबर संपत आला तरी लीगचा एक सामना झाला नव्हता. ढाक्याला जे अकरा जण उतरले त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्या हंगामात लीगचा चेंडूच लाथाडलेला नव्हता. जिमचा दम आणि मॅचचा दम वेगळा असतो, हे आपल्या सोसायटीच्या मैदानावरचा पोरगाही सांगेल. गोल कोण करणार हा तर जुनाच रोग. जून २०२४ ला निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावं लागलं, कारण क्लबांमध्ये नऊ नंबर परदेशीच असतो. रायन विल्यम्स, ज्याची आई मुंबईची, त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, संघाबरोबर ढाक्यापर्यंत गेला आणि कागदपत्रं वेळेत पूर्ण न झाल्याने खेळू शकला नाही. ही चूक कोचची?

खालिद जमीलबद्दल थोडं, कारण मुंबईकर त्याला आधीपासून ओळखतात. सात वर्षं मुंबई एफसीचा कोच. त्याचं फुटबॉल देखणं नव्हतं. लांब चेंडू, मागे सगळे, बरोबरी मिळाली तरी खूश. आम्ही स्टँडमधून शिव्याही घातल्यात. तिथून त्याला काढलं आणि २०१६ मध्ये तो आयझॉलला गेला. क्लब कुठला, तर रेलिगेट झालेला आणि गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली म्हणून परत आत घेतलेला. पैसा बेताचा. पण जाताना त्याला आपली माणसं नेता आली, जयेश राणे, आशुतोष मेहता ही आपली मुंबईची पोरं, आणि काम करू दिलं. २०१७ ला ते देशाचे चॅम्पियन! मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू सगळे मागे. ती नोकरी कागदावर कुणाला आकर्षक वाटली असती?

देशाच्या नोकरीत त्याला काय मिळालं? पहिल्याच स्पर्धेला, ताजिकिस्तानला, मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. नियमाने तो त्यांचा हक्क होता, म्हणून त्यांना दोष देत नाही. कोच आणि क्लब यांच्यात बसून आधी बोलणी करणं हे फेडरेशनचं काम होतं. त्या अर्ध्यामुर्ध्या संघाने ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं आणि पेनल्टीवर ओमानला हरवून तिसरा नंबर काढला. तेव्हा वॉलवर "आपला माणूस" होता. दहाएक आठवड्यांत "लायकी नाही".

सिंगापूरविरुद्ध घरी त्याने चुका केल्या, आघाडीनंतर संघ मागे ओढला, हे मी त्याच दिवशी लिहिलं होतं आणि आजही म्हणतो. चुका मोजाव्यात. पण तेरा वर्षांनी या खुर्चीत भारतीय माणूस बसलाय. त्याच्या आधीचा सावियो मेदेरा, त्याच्या आधी आर्मांदो कुलासो, दोघेही गोव्याचे. आर्मांदोने डेंपोला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं आणि राष्ट्रीय संघाबरोबर काही महिनेच राहिला. खालिदलाही चार महिन्यांत घरी पाठवलं, तर देशातला प्रत्येक चांगला तरुण कोच एकच धडा घेईल: क्लबची नोकरी धरून ठेव, देशाचा फोन आला तर उचलू नकोस.

आता एक परदेशातलं उदाहरण, कारण "जगात कुठेही असं चालत नाही" असं कुणीतरी म्हणणारच. केप व्हर्दे. लोकसंख्या पाचेक लाख, म्हणजे गोव्याच्या एक तृतीयांश. कोच बुबिस्ता, त्यांच्याच मातीतला, जानेवारी २०२० पासून. २०२२ च्या वर्ल्ड कपला पोचले नाहीत. ठेवला. पुढच्या आफ्रिका कपमध्ये क्वार्टर फायनल. त्यानंतरच्या आफ्रिका कपला तर पात्रही ठरले नाहीत, गटात तळाला. आपल्याकडे त्या रात्री टेक्निकल कमिटीची बैठक लागली असती. त्यांनी तरीही ठेवला. १३ ऑक्टोबर २०२५ ला ते वर्ल्ड कपला पात्र ठरले. आपण फातोर्ड्याला हरलो त्याच्या आदल्या दिवशी. त्यांच्या फेडरेशनकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा असेल असं कुणाला वाटतं?

मागणी माझी साधी आहे. खालिदचा करार दोन वर्षांचा आहे, तो पाळा. मध्ये काढायचं असेल तर कुठल्या निकालावर काढणार ते आजच लिहून जाहीर करा, म्हणजे त्यालाही कळेल आणि आम्हालाही. क्लबांबरोबर बसून वर्षभराचे कॅम्प ठरवा. आणि लीग सुरू करा, बाकी सगळं नंतर. मार्च २०२६ चा सामना हाँगकाँगशी. पात्रतेच्या हिशोबाने त्याला अर्थ उरलेला नाही, पण संघ बांधायला तोच हातात आहे.

कॉमेंटमध्ये नवीन कोचचं नाव सुचवणार असाल तर जरूर सुचवा. फक्त तो सध्या कुठे नोकरीला आहे आणि ती सोडून इथे का येईल, हेही सोबत लिहा. झावीचा ईमेल कृपया पाठवू नका.