बंदिवानांचा अपस्मार

संपादक महाशय,



बंदिवानांना येणारे फेफरे बहुधा कामचुकारपणाचे सोंग असते, सबब गोळ्या पहारेकऱ्यांच्या मर्जीनेच दिल्या जाव्यात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन मला अत्यंत घातक वाटते. एखादा सोंग करीतही असेल. परंतु तो निवाडा वैद्याचा आहे, शिपायाचा नव्हे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ज्या २४ व्या कलमाने दाखल होणाऱ्या कैद्याची झडती फर्माविली, त्याच कलमाने शक्य तितक्या लवकर त्याची वैद्यकीय तपासणीही फर्माविली आहे. प्रत्यक्षात झडती तत्काळ होते, गोळ्यांची पुडी जप्त होते, आणि तपासणी मागे राहते. फेफऱ्यावर वर्षानुवर्षे फेनोबार्बिटोन घेणाऱ्या मनुष्याचे औषध असे एकाएकी तुटले म्हणजे, जागरण व धास्ती यांची त्यात भर पडून, झटक्यामागून झटके येत, मध्ये शुद्धीवर न येताच त्याचा प्राण जाऊ शकतो.

अशा कैद्याला एकट्या कोठडीत ठेवू नये. बराकीतील सोबत्यांनी हातपाय दाबून न धरता, दातांत चमचा न कोंबता, कांदा-वहाण न हुंगवता त्याला कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत झटका न ओसरल्यास इस्पितळात रवानगी करण्यास वरिष्ठांच्या हुकुमाची वाट पाहू नये. झटक्यानंतर रोगी काही काळ भ्रमिष्टासारखा वागतो, धरू जाताच हिसडा देतो. त्याबद्दल बेशिस्तीची शिक्षा देणे हा उघड अन्याय होय. पत्रलेखकांना गोळ्यांचा गैरवापर टाळायचाच असेल, तर प्रत्येक मात्रा वेळेवर समक्ष देऊन तिची नोंद ठेवण्याचा आग्रह त्यांनी खुशाल धरावा.

आपला,
एक वाचक