एक्स्प्लेनर : सरकारी वकील नेमका कुणाचा? पोलिसांचा की फिर्यादीचा?

पलूसमध्ये मारहाणीची किंवा खुनाची फिर्याद दाखल झाली की ‘आता सरकारी वकील आपली केस लढणार’, असे घरच्यांना वाटते. हे अर्धेच खरे आहे.

खटला कोण चालवतो?
न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सहायक सरकारी अभियोक्ता, तर सत्र न्यायालयात सरकारी वकील. दोघेही शासनाच्या वतीने उभे राहतात. आरोपीला सोयीचा पुरावा दडवण्याची मुभा त्यांना नाही.

मग ते पोलिसांचे वकील का?
नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यात पोलीसच आरोपी होते. खटल्यासाठी राज्य सरकारने ॲड. उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमले.

सरकारने सांगितले की खटला मागे?
तसेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० नुसार त्यासाठी न्यायालयाची संमती लागते. पीडिताचे म्हणणे ऐकणेही आता बंधनकारक आहे. हा निर्णय सरकारी वकिलाने स्वतंत्र विचाराने घ्यायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केरळ विधानसभेतील तोडफोड प्रकरणात स्पष्ट केले.

फिर्यादीच्या हाती काय?
कलम १८ नुसार पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो. न्यायालयाची परवानगी मात्र हवी. ती निकालाच्या तोंडावर नव्हे, तर साक्षी सुरू होण्यापूर्वीच मागितलेली बरी.