नर्मदेचं वकीलपत्र कोण घेणार?

जबलपूर जिल्ह्यातील आठही सन्माननीय आमदारांस,


3 मे 2017 रोजी मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला ‘जीवित इकाई’ मानण्याचा संकल्प मंजूर केला. ऐकून बरं वाटलं होतं. पण संकल्प म्हणजे कायदा नव्हे. नुसत्या संकल्पावर कुणाला कोर्टात खेचता येत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये गंगा-यमुनेला असाच दर्जा दिला, त्याला जुलैत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. न्यूझीलंडच्या संसदेने मात्र त्याच मार्चमध्ये वांगानुई नदीसाठी रीतसर कायदा केला आणि नदीच्या वतीने बोलायला दोन माणसांची तरतूद केली: एक सरकारचा, एक तिथल्या माओरींचा. आपल्याकडे नदीच्या बाजूने उभा राहतो तो जनहित याचिका घेऊन हेलपाटे घालणारा एखादा चिवट म्हातारा.

अशा वकिलाची गरज का, ते पाहायला एकदा उन्हाळ्यात परियट नदीच्या काठाने चालून या. वरच्या अंगाला धरण, त्याचं पाणी शहर पितं. खाली डेअऱ्यांच्या पट्ट्यात आलात की पाणी शोधावं लागतं. काळपट हिरवा शेणाचा रबडा सरकत असतो, कडेला साचलेल्या थरावर बगळे निवांत चालतात. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने या डेअऱ्यांवरून प्रशासनाला कितीदा तरी फटकारलं आहे. परियट हिरनला मिळते, हिरन नर्मदेला. (पुण्या-नाशिकचे नर्मदा परिक्रमावासी ग्वारीघाटावर भेटतात, शूलपाणीच्या झाडीबद्दल भरभरून बोलतात, परियटचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं. त्यांचा तरी काय दोष?)

म्हणून कायदा करायचा तर तो उपनद्यांसकट करा. नुसत्या मैयाच्या नावाने केलेला कायदा आरतीपुरता उरेल. पूररेषा कागदावर न ठेवता काठावर दगड रोवून दाखवा. काठावरच्या बांधकामबंदीचे 300 मीटर नेमके कुठून मोजायचे, यावरच इथे वर्षं जातात आणि तोवर भिंती उभ्या राहतात. आणि नदीच्या वतीने बोलणारा पालक सरकारी खात्याच्या हाताखालचा नको. नाल्याचं सांडपाणी सोडणारी पालिकाच असेल, तर पालिकेवरही दावा लावायची मुभा त्याला हवी.

आपल्यापैकी जे मंत्री असतील त्यांनी सरकारी विधेयक आणावं, बाकीच्यांना अशासकीय विधेयकाची वाट मोकळी आहे. मसुद्यासाठी भोपाळला जायचीही गरज नाही. उच्च न्यायालय याच शहरात आहे, वकिलांना तोटा नाही.

आपला,
ग्वारीघाटचा एक मराठी मतदार