हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिल २०१६च्या पहाटे लातूर स्थानकात दाखल झाली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी! दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. वाद होता तो मैदानांवर शिंपडल्या जाणाऱ्या पाण्याचा. त्या सुनावणीत संयोजकांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दर्शविली होती. म्हणजे मार्ग उपलब्ध होता. तो आठवण्यासाठी न्यायासनाचा धाक लागला.

सामने गेले, दुष्काळ ओसरला आणि त्याबरोबर तो धडाही विस्मृतीत गेला. मॉलची प्रवेशद्वारे, तारांकित हॉटेलांची प्रांगणे, माहिती-तंत्रज्ञान संकुले आणि महापालिकांचे रस्तादुभाजक भर वैशाखातही हिरवेगार दिसलेच पाहिजेत, असा हट्ट कायम आहे. या हट्टाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दख्खनच्या उन्हाळ्यात हिरवळ टवटवीत ठेवण्यासाठी रोज पाच मिलिमीटर पाणी धरले, तरी एका एकराला सुमारे वीस हजार लिटर लागतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई, दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले आहे. त्या मापाने एक एकर हिरवळ रोज साडेतीनशेहून अधिक माणसांच्या वाट्याचे पाणी पिते. लातूरची ती गाडी पंचवीस एकर हिरवळीने एका दिवसात रिकामी केली असती!

मुंबईला पाणी पुरविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या उशाशी राहणाऱ्या वनवासी माउलीने डोक्यावर हंडा घेऊन पायपीट करायची आणि तिच्या डोंगरातून आलेल्या पाण्याने महानगरात शोभेचे गवत भिजवायचे, ही कोणती नागरी संस्कृती?

यावर तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर, ‘पाण्याचे पैसे आम्ही मोजतो.’ पैशाने नळजोडणी मिळते, पाऊस मिळत नाही. दुसरे, ‘हिरवळीमुळे शहर थंड राहते.’ मग सावली देणारे वृक्ष लावावेत. कडुनिंब आणि बहावा एकदा रुजले की त्यांना रोजच्या फवाऱ्याची गरज उरत नाही; भर उन्हाळ्यात फुलणारा बहावा तर शोभेतही कोणाला हार जात नाही. तिसरे उत्तर, ‘खरे पाणी ऊस पितो.’ उसाचा प्रश्न गंभीर आहेच. परंतु शेजाऱ्याच्या उधळपट्टीकडे बोट दाखविल्याने स्वतःची उधळपट्टी पुण्यकर्म ठरत नाही.

हिरवळीची ही आवड आली ती वर्षभर रिमझिम पाऊस पडणाऱ्या इंग्लंडमधून. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढणाऱ्या महाराष्ट्राची जलदृष्टी निराळी होती. किल्ला बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी, खडक फोडून टाकी बांधावीत आणि झरा असला तरी केवळ त्याच्यावर विसंबू नये, असे आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी बजावले आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी भूमिगत नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत आणले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी थेंब अडविला, त्यांच्या वंशजांनी तो मोकळ्या नळीने रस्त्यावर सांडावा, याहून मोठे दैन्य कोणते?

नियमांची वाण नाही. मुंबईत १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना २००२ पासून पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला. परंतु नकाशावर दाखविलेला शोषखड्डा जमिनीवर सापडतो का आणि सापडला तरी त्यातील गाळ कधी काढला जातो का, हे पाहायला कोण जाते? एक हजार चौरस मीटरच्या छपरावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर सात लाख लिटर पाणी दारात येते. ते गटारात सोडून टँकर मागविणाऱ्या आस्थापनेला सवलत कशासाठी?

महापालिकांनी चार गोष्टी कराव्यात. प्रत्येक व्यापारी संकुलात बागेच्या पाण्याला स्वतंत्र मीटर बसवावा. शोभेच्या बागेला पिण्याचे पाणी बंद करून फक्त प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यावे. दुपारचे फवारे थांबवून ठिबक आणि पालापाचोळ्याचे आच्छादन सक्तीचे करावे. दरवर्षी जलहिशेब जाहीर करावा. तो न देणाऱ्याची जोडणी तोडावी. मात्र आरंभ महापालिकेने स्वतःच्या उद्यानांपासून आणि दुभाजकांपासून करावा. जनतेला पाणीकपात सांगणाऱ्याच्या अंगणात कारंजे उडत असेल, तर त्याचा उपदेश कोणी का ऐकावा?