कॉमर्सवाल्यांनी काय घोडं मारलंय?

मंडळी, सरळ मुद्द्यालाच हात घालतो. गणिताची सॉफ्टवेअर्स ही इंजिनियर आणि सायन्सवाल्यांची खाजगी मालमत्ता आहे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण आपली शिक्षणव्यवस्था वागते मात्र अगदी तसं लिहून ठेवल्यासारखी!

आमचंच बघा ना. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षात लॅबमधे मॅटलॅब आयतं उघडून समोर ठेवलेलं असायचं. वर्गातली अर्धी पोरं त्यात एक साइन वेव्ह काढायची, प्रिंट जर्नलला चिकटवायची आणि कँटिन गाठायची. त्याच वेळी माझा मावसभाऊ उल्हासनगरला बी.कॉम. करत होता. तीच सेंट्रल लाइन, तीच बदलापूर लोकल, दहावीला तर आम्ही एकाच बाकावर. त्याच्या वाट्याला काय? एक साधा कॅलक्युलेटर आणि ग्राफपेपरची वही. त्याच्या कॉलेजात संगणक नव्हते असं नाही. होते, पण ती लॅब 'आय.टी.वाल्यांची'. बी.कॉम.च्या पोराने तिथे पाऊल टाकायचं म्हणजे गाभाऱ्यात चपला घालून जाण्यासारखं.

आता तुम्ही म्हणाल, कॉमर्सवाल्याला मॅटलॅब कशाला हवंय? टॅली शिकेल, नोकरीला लागेल. हेच ते वाक्य, ज्याच्याशी माझं भांडण आहे.

कॉमर्सच्या पोरांना गणित नसतं असा गैरसमज असेल तर आधी बारावी कॉमर्सचं बालभारतीचं पुस्तक उघडून बघा. रिग्रेशन आहे, टाइम सिरीज आहे, निर्देशांक आहेत, लिनियर प्रोग्रॅमिंग आहे, असाइनमेंट प्रॉब्लेम आहे, ॲन्युइटी आहे. मुंबई विद्यापीठात एफ.वाय.बी.कॉम.ला कित्येक वर्षं 'मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स' नावाचा अख्खा पेपर होता, त्यातही जवळपास हेच सगळं. यातली एकूण एक गोष्ट जगात आज संगणकावर केली जाते. आणि आपल्या बोर्डाच्या परीक्षेत? कॅलक्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. नेपियरसाहेबांनी लॉगॅरिदम १६१४ साली प्रसिद्ध केलं. चारशे वर्षांत आपण लॉग टेबलवरून कॅलक्युलेटरपर्यंतही पोचलो नाही, सॉफ्टवेअर तर फार लांब राहिलं.

बरं, हा नुसता जुनाट-नव्याचा वाद असता तर मी शनिवार-रविवार झोपा काढल्या असत्या. खरी गोम वेगळीच आहे. तुमच्या हातात कुठलं हत्यार आहे त्यावर तुम्हाला कुठला प्रश्न विचारता येतो ते ठरतं. पुस्तकातले प्रश्न हाताने सुटतील असे बेतलेले असतात. आयुष्यातले प्रश्न तसे नसतात.

एक उदाहरण देतो. ॲन्युइटीच्या गणितात काय असतं? कर्ज इतकं, व्याजाचा दर इतका, मुदत इतकी, तर हप्ता काढा. आता प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही गाडी घ्यायला शोरूममधे जाता. हप्ता तिथला माणूसच सांगतो. एक लाखाचं कर्ज, 'फक्त बारा टक्के फ्लॅट', तीन वर्षं. एक लाखाचे बारा टक्के म्हणजे वर्षाला १२,०००, तीन वर्षांचे ३६,०००. एकूण १,३६,०००, भागिले ३६, महिना ३,७७८ रुपये. हिशोब अगदी स्वच्छ, पोरगा खूश. पण मुद्दल तर दर महिन्याला थोडं थोडं परत जात असतं, आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. मग खरा दर किती?

हा उलटा प्रश्न आहे. हप्ता माहीत आहे, दर काढायचा आहे. आणि यासाठी हातापुरतं थेट सूत्रच नाही! दर अंदाजाने धरायचा, हप्ता काढायचा, चुकला की पुन्हा धरायचा, असं करत करत उत्तराजवळ जावं लागतं. कागदावर हे करताना जीव जाईल, म्हणून परीक्षेत हा प्रश्न सहसा येतच नाही. मोबाइलवर गूगल शीट्स उघडा किंवा संगणकावर लिब्रे ऑफिसचं कॅल्क, नाहीतर एक्सेल. 'रेट' नावाचं फंक्शन घ्या. महिने ३६, हप्ता उणे ३७७८ (उणे, कारण पैसे आपल्या खिशातून जातायत), कर्ज १०००००. आलेल्या उत्तराला बाराने गुणा. २१.२ टक्के! बाराचे एकवीस कुठे झाले ते शोरूमवाला सांगणार नाही, आणि वर्गातही कोणी सांगितलं नाही.

म्हणजे बघा, तीन वर्षं व्यापार-वित्त शिकलेला पोरगा आपल्याच गाडीच्या कर्जाचा खरा दर काढू शकत नाही, आणि हे सॉफ्टवेअर त्याच्या खिशातल्या फोनवर फुकट पडलेलं आहे. लिलाव भिशीचंही तेच. पहिल्या महिन्यात कमी पैशांत भिशी उचलणारा नक्की किती टक्क्यांनी पैसे घेतोय, हे आमच्या आळीतल्या सगळ्या भिशीवाल्या काकू 'साधारण' सांगतात. नेमकं सांगायला असंच एक फंक्शन लागतं.

दुसरं उदाहरण खास आमच्या गावचं. लिनियर प्रोग्रॅमिंगच्या गणितातला कारखानदार का कोण जाणे, पण हमखास टेबल-खुर्च्या बनवतो. आणि उल्हासनगरात तर अख्खा फर्निचर बाजार आहे! समजा टेबलाला ६ तास सुतारकाम आणि २ तास पॉलिश, खुर्चीला २ तास सुतारकाम आणि १ तास पॉलिश. हाताशी सुतारकामाचे २४० तास, पॉलिशचे १००. टेबलामागे नफा ९०० रुपये, खुर्चीमागे ४००. ग्राफपेपरवर दोन रेषा काढायच्या, कोपरे शोधायचे, उत्तर येतं २० टेबलं आणि ६० खुर्च्या, नफा ४२,०००. खाली दोन रेघा मारायच्या, चार मार्क खिशात.

आता दुकानदाराचा प्रश्न ऐका. "प्लायवूड महागलंय. टेबलावर ९०० सुटत नाहीत आता. काय करू?" ग्राफपेपरवाला म्हणणार, थांबा शेठ, नवीन कागद घेतो. जिओजेब्रा किंवा डेस्मॉसवाला काय करतो? टेबलाच्या नफ्याला एक स्लायडर लावतो आणि बोटाने सरकवतो. ९००, ८७०, ८३०... उत्तर तेच, २० आणि ६०. ८०० ला आलं की अडखळतं, आणि ८०० च्या खाली गेलं की टुणकन उडी मारून दुसऱ्या कोपऱ्यावर, १०० खुर्च्या, टेबल एकही नाही. म्हणजे ९०० चे ८१० झाले तर शेठने काहीही बदलायचं नाही, आणि ७९० झाले तर टेबलं बंद. धंद्याला उपयोगी काय आहे, ते '२० आणि ६०' की हा ८०० चा आकडा?

गंमत म्हणजे याच जिओजेब्राचं नाव बालभारतीच्या दहावीच्या गणितात आहे. सॉफ्टवेअर वापरून वर्तुळाला स्पर्शिका काढून बघा वगैरे. म्हणजे पंधराव्या वर्षी पुस्तक म्हणतं वापर, आणि सोळाव्या वर्षी कॉमर्सला गेलास की विसर!

गणिताचं सॉफ्टवेअर 'नॉन-टेक्निकल' माणसाला झेपत नाही असं म्हणणाऱ्यांना इतिहासाचा एकच दाखला पुरे. घरोघरच्या संगणकावर पोचलेलं पहिलं स्प्रेडशीट, व्हिसिकॅल्क, १९७९ साली आलं. त्याची कल्पना कुणाला सुचली? डॅन ब्रिकलिनला, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात बसलेला असताना. (होता तो प्रोग्रामरच, मान्य. पण गरज दिसली ती कॉमर्सच्या वर्गात!) फळ्यावर एक आकडा बदलला की खालचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे बघून. जगातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं गणिती सॉफ्टवेअर जन्मालाच आलं ते आपल्या एफ.वाय.बी.कॉम.च्या पोराच्या अडचणीतून. आणि आपण ते त्याला काय म्हणून शिकवतो? एम.एस.सी.आय.टी.मधे, रकाने रंगवायला आणि बेरीज करायला. २००२ पासून महाराष्ट्रात गल्लोगल्ली हा कोर्स चालला. त्याने लाखो लोकांची माउसची भीती घालवली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण वर्गातलं गणित एका खोलीत आणि एक्सेल दुसऱ्या खोलीत, मधली भिंत तशीच.

"अरे पण सगळं फुकट आहे ना, कोणी अडवलंय?" हा माझ्या ऑफिसमधल्या मित्रांचा आवडता युक्तिवाद. आर फुकट, मॅक्झिमा फुकट, सेज फुकट, सायलॅब फुकट. बरोबर आहे. पण डाउनलोडचा दुवा म्हणजे प्रवेश नव्हे. घरात लॅपटॉप नाही, फोन आहे. फोनवर ब्राउझरमधे उघडलं तर समोर इंग्रजीतला रिकामा चौकोन आणि लुकलुकणारा कर्सर. त्यात काय टाइप करायचं हे सांगणारी सगळी उदाहरणं सर्किटची, नाहीतर मॅट्रिक्सची. आपल्याला तो रिकामा चौकोन बघून आनंद होतो, कारण आपल्याला त्याची चार वर्षं सवय लावलेली असते. इतरांना तो 'हे तुझ्यासाठी नाही' असंच सांगतो.

आणि यावर उपाय काय ते आपल्याकडे कोणाला सुचलंच नाही असंही नाही. इथून लोकलने जाऊन येण्याइतक्या अंतरावर, पवईच्या आयआयटीत, हे काम होऊन बसलंय. केंद्र सरकारच्या पैशाने २००९ पासून तिथे 'फॉसी' हा प्रकल्प उभा राहिला. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल'ही झालं. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, शेजारी सॉफ्टवेअर उघडून बघत बघत शिकायचे, आणि मराठीसकट अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले. सायलॅबवर त्यांनी आणखी एक झकास गोष्ट केली. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक सोडवलेलं उदाहरण विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमधे लिहून घेतलं आणि सगळ्यांना खुलं केलं. सायलॅब ब्राउझरमधून, काही न बसवता चालवायची सोयही केली. मला तर हे काम बघून नतमस्तक व्हावंसं वाटतं. फक्त ती पुस्तकं बघा. बहुतेक सगळी इंजिनियरिंग आणि सायन्सची. दार सरकारी पैशाने उघडलं, आणि उघडलं ते पुन्हा आपल्याच खोलीत.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, "आधी हाताने करायला शिकू दे, नाहीतर पोरं डोकं वापरणार नाहीत." पहिलं वाक्य एकदम मान्य. दोन उदाहरणं हाताने, तिसरंही हाताने. पण विसावंसुद्धा? टेबलाचा नफा ८०० च्या खाली गेल्यावर उत्तर उडी का मारतं, हा डोक्याचा प्रश्न आहे. रेषा पट्टीने सरळ काढणं हा मनगटाचा.

दुसरा आक्षेप ताजा, "आता ए.आय. आहे, फोटो काढला की उत्तर." काढतातच पोरं फोटो, मला माहितीये. पण तिथे जे उत्तर येतं ते बरोबर की चूक हे ठरवणार कसं? शीटमधे प्रत्येक खाना उघडा असतो. एक आकडा बदला आणि काय हलतं ते बघा. हे ज्याला येतं तो यंत्राचं उत्तर तपासेल. ज्याला येत नाही तो शोरूमवाल्यावर ठेवायचा तसाच विश्वास यंत्रावर ठेवेल.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांचा, आणि तो मला पटतो. शंभर-सव्वाशे पोरांच्या वर्गाची परीक्षा संगणकावर घ्यायची कशी? नकाच घेऊ! परीक्षा कागदावरच ठेवा. प्रश्नपत्रिकेत रिग्रेशनचं तयार उत्तर छापा आणि विचारा, यावरून पुढच्या दिवाळीचा माल किती भरावा, आणि या आकड्यावर भरवसा कितपत ठेवावा? याला संगणक लागत नाही. फक्त वर्षभर ते उत्तर स्वतः काढून बघितलेलं असावं लागतं, आणि त्यासाठी वर्गात फोन बाहेर काढायची परवानगी. जी लॅब दुपारी दोननंतर कुलूपबंद असते, तिची किल्ली बी.कॉम. आणि बी.ए.वाल्यांनाही.

राहिलं साहित्य. ते मात्र आपल्यासारख्यांचं काम आहे, सरकारची वाट बघायची गरज नाही. आयआयटीवाल्यांनी इंजिनियरिंगच्या पुस्तकांचं जे केलं तेच बारावी कॉमर्सच्या पुस्तकाचं करायचं. आकडे आपले घालायचे, जीन्सचा कारखाना, फर्निचर, गाडीचं कर्ज, भिशी. मराठीत, दुवा दाबला की फोनवर उघडणारं, खाते-पासवर्ड काही न मागणारं. आणि शक्यतो मुक्तस्रोत. जिओजेब्रा कितीही आवडत असलं तरी २०२१ साली ते बायजूजने विकत घेतलं, हे लक्षात असू द्यावं.

आम्ही तिघांनी दोन शनिवार-रविवार घालवून ॲन्युइटी आणि लिनियर प्रोग्रॅमिंगच्या शीट्स केल्या आहेत. मावसभावाने पहिल्या फटक्यात चार ठिकाणी 'हे कळत नाही' म्हणून खुणा केल्या, त्या दुरुस्त करतोय. निर्देशांक, टाइम सिरीज आणि असाइनमेंट प्रॉब्लेम अजून बाकी आहेत. बदलापूर ते कल्याणच्या मधे राहणारं कोणी असेल तर रविवारी सकाळी अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला भेटू, चहा माझ्याकडून.