हवेतला पारा मोजायला हवा

सोन्याला पारा लागला की ते पांढरे पडते, हे कोणत्याही सोनाराला ठाऊक असते. हवेतला पारा मोजणारे स्वयंचलित यंत्र याच गुणावर चालते. पंप ठरावीक हवा सोन्याच्या सापळ्यावरून ओढतो आणि पारा सोन्याला चिकटतो. काही मिनिटांनी सापळा तापवून पाऱ्याची वाफ सोडवतात. तिच्यावर २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की तिच्या प्रतिदीप्तीवरून पाऱ्याचे प्रमाण कळते. उत्तर गोलार्धातील स्वच्छ हवेत ते घनमीटरला सुमारे दीड नॅनोग्रॅम असते.

इतक्याशा पाऱ्याची काळजी कशाला? श्वासातून तो फारसा बाधत नाही, हे खरे. पण हवेतून तो पाण्यात उतरतो, तेथील जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठत जातो.

दगडी कोळशातही पारा असतो आणि आपल्या मराठवाड्यात परळीला कोळशावर वीज होते. २०१५ साली वीजकेंद्रांच्या धुराड्यांसाठी पाऱ्याची मर्यादा ठरली. परंतु २००९ च्या राष्ट्रीय हवा-मानकांतील बारा प्रदूषकांत शिसे, आर्सेनिक, निकेल आहेत, पारा नाही. धुराड्यातून सुटलेला पारा तर कित्येक महिने हवेत फिरतो.

म्हणून माझे मत असे, की परळीला एक आणि तुलनेसाठी छत्रपती संभाजीनगरला एक असे यंत्र कायम चालू असावे. यंत्र महाग आहे, पण एखाद्या दिवसाच्या नोंदीने भागत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी नसतील, तर पारा वाढला की घटला हे सांगणार कोण?