टाकी, माप आणि संशय

ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांच्या तोंडीं पेट्रोलपंपावरील लबाडीची एखादी तरी कथा असतेच. आमच्याहि होती.

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब प्रवासास निघालों होतों. काटा तळाशीं गेला असतां आळसानें वाटेंतले तीन पंप मागें टाकले व चौथ्यावर थांबलों. गाडीच्या पुस्तिकेंत टाकीचें माप ३७ लिटर छापलेलें. यंत्रावर आकडा ३९ च्या पुढें गेला. मुलें ऐकत होतीं, मागें गाड्यांची रांग होती. आणि आम्हीं पेट्रोल भरणाऱ्या मुलास सर्वांदेखत चोर ठरविलें! आपल्या शाळेंतून नुकताच बाहेर पडला असावा एवढेंच त्याचें वय. तो कांहीं बोलला नाहीं. आंत जाऊन सरकारी शिक्क्याचें पांच लिटरांचें माप त्यानें आणलें व आमच्यासमक्ष भरून दाखविलें. पेट्रोल बरोबर रेघेस लागलें.

मग जास्तीचें पेट्रोल मावलें कोठें? पुस्तिकेंतील आकडा काठोकाठ भरलेल्या टाकीचा नसतो, हें आम्हांस ठाऊकच नव्हतें. पेट्रोल उष्णतेनें फुगतें. तपमान १० अंशांनीं वाढलें तर ४० लिटरांचें प्रमाण सुमारें ४०० मिलिलिटरांनीं वाढतें. जमिनीखालच्या हौदांतून आलेल्या थंड पेट्रोलास उन्हांत पसरावयास जागा हवी, वाफेसहि हवी. ही मोकळी जागा छापील मापांत धरीत नाहींत. (उन्हाळ्यांत टाकी पूर्ण भरली तर तिचा स्फोट होतो, ही दरसाल उठणारी आवई अर्थातच खोटी.) पंपाच्या नळीच्या तोंडाशीं एक बारीक छिद्र असतें, पेट्रोल तेथवर चढलें कीं नळी टक् करून आपोआप मिटते. आमचीहि मिटली होती. "आणखी थोडें घाल" असें म्हणणारे आम्हीच! अशा वेळीं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यांत शिरून तो निकामी करूं शकतें, म्हणजे आगाऊ दिलेले पैसेहि आपलेच व दुरुस्तीचेहि आपलेच.

टाकी कोरडी होईतों गाडी हांकणें हेंहि आमच्या मतें काटकसरीचें नव्हे. आजच्या मोटारींत पेट्रोल वर ओढणारा विजेचा पंप टाकीच्या आंतच बसविलेला असतो आणि तो थंड राहतो पेट्रोलानेंच. शिवाय घाटाच्या चढावर उरलेसुरलें पेट्रोल एका बाजूस सरतें व गाडी नेमकी वळणावर अडते. १८८८ सालीं बेर्टा बेन्झबाईंस वाटेंत औषधांच्या दुकानांतून इंधन विकत घ्यावें लागलें, कारण पंप हा प्रकारच तेव्हां नव्हता. आमच्यापाशीं अशी कोणती सबब होती? काटा चतुर्थांशावर आला कीं भरावें आणि पहिल्या टक् ला थांबावें. रोजच्या कमाईंतून शंभर-दोनशेंचें पेट्रोल घालणाऱ्या रिक्षावाल्यास हा उपदेश आम्ही करणार नाहीं. त्याचा हिशेब निराळा.

कोठेंच लबाडी होत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. पण तें पांच लिटरांचें माप प्रत्येक पंपावर ठेवणें बंधनकारक आहे, व तें मागण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकास आहे. आम्हीं तें मागितलेंच नव्हतें. त्या मुलानें आपण होऊन आणलें.

आम्हीं त्याची क्षमा मागितली. परंतु आमचे आधींचे शब्द ज्यांनीं ऐकले होते, त्यांतील निम्म्या गाड्या दुसऱ्या यंत्रावर भरून तोंवर निघून गेल्या होत्या.